बी वर्गाची काच

व्हेनान्सियुच्या दुकानात शुक्रवारी जाऊ नये.
बाहेर म्हापशाचा बाजार रस्त्यावर सांडलेला,
केळीचे घड, खाज्यांच्या राशी, चोरिसांच्या माळा,
आत तो एकटाच, शाळांच्या ऑर्डरी बांधत,
पेंढ्यात बुडालेल्या परीक्षानळ्या पुन्हा पुन्हा मोजत.
मी गेले शुक्रवारीच.

"खंयचे शाळेचें?" त्यानं विचारलं.
म्हटलं, घरचं.
चष्म्यावरून बघितलं त्यानं;
बाई घरी फेणी गाळणार की काय,
असं काहीसं कपाळावर उमटलं आणि पुसलं गेलं.

बीकर दोन. अडीचशेचे पुरेत.
त्यांच्या रेषांवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता.
बीकर म्हणजे लग्नघरातला पाहुणा,
पानं किती विचारलं तर
'असतील शंभरेक' म्हणून हात धुणारा.
माप हवं तर ब्युरेट,
पन्नासची, टेफ्लॉनच्या तोटीची.
काचेची तोटी ग्रीस मागते, नाही दिलं की रुसते;
बावीस वर्षं खाणीवरच्या प्रयोगशाळेत
रुसलेल्या तोट्या सोडवत बसले मी,
खनिजातलं लोह ठरवत:
अठ्ठावन्न पूर्णांक दोन, साठ पूर्णांक चार.
त्या आकड्यांवर बार्जी भरायच्या,
मांडवीतून जायच्या माझी सही घेऊन.
मग एका सकाळी फाटकाला कुलूप
आणि माझा एप्रन आतच, खुंटीला.

"ए क्लास की बी?"
ए-ला दाखला मिळतो आणि किंमत तिप्पट.
बी-ला दुप्पट चूक माफ.
किती चुकणार ते काचेवरच छापलेलं, अधिक-उणे,
इतकी सरळ कबुली
मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाही,
खाणीच्या सायबांकडून तर नाहीच.
बी घेतली.

तराजू रायकर शेटकडून, जुना,
ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत बोलणारा.
त्याच्यावर आजवर सोनंच बसलं.
आता फेरस अमोनियम सल्फेट बसेल,
फिकट हिरवं. तेही देखणंच असतं.

आनाक्लेतनं स्वतःहून त्याचा ग्राव आणून दिला,
काजूच्या भट्टीवरचा, बापाच्या वेळचा.
नको म्हणवेना.
माझ्या पाण्यात तो दहावर उभा राहतो,
एकोणीस-वीसच्या सवयीचा,
हिरमुसलेला.

बसमध्ये सगळं मांडीवर, दोन टॉवेलांत गुंडाळून.
"फुडें सर गो," कंडक्टर म्हणाला.
सरले नाही.
अस्नोड्यापर्यंत प्रत्येक खड्डा
मी ब्युरेटच्या वतीनं सोसला.

कुडण्यात मागच्या पडवीत फळी ठोकली.
फ्लास्कवर लिहिलंय सत्तावीस अंश.
पडवी म्हणते तेहतीस.
मी दोघांनाही वहीत लिहिते.

पहिलं पाणी मोगाबाईच्या विहिरीचं.
ती घागरीसकट आली, पायरीवर टेकली.
दहाच्या पिपेटनं उचललं मी, रेषेशी डोळा आणून.
डोळ्यानं खाली यायचं असतं,
पाणी वर येत नाही.
सोडलं. टोकाशी एक थेंब राहिला.
"फुंक मगे तो."
नाही, म्हटलं. तो फुंकायचा नसतो.
तो राहणार हे धरूनच रेषा काढलेली असते.
ती काही बोलली नाही.
तिचा मुलगा खाणीवर डंपर चालवायचा,
आता कुठे असतो ते मी विचारलं नाही.

आम्ल, मग थायोसायनेट.
लोह लाल होतं, हळूहळू नाही, एकदम.
शेजारी सहा नळ्या, फिकटापासून गडदापर्यंत;
हिची नळी चौथी आणि पाचवी यांच्यामध्ये.
लिहिलं: एक पूर्णांक सात.
पुढं अधिक-उणे.
खाली, हाताच्या सवयीनं, सही.

"पिवंक जाता मू?"

मी वही तिच्याकडे वळवली,
मग लक्षात आलं, आणि नळीच उजेडात धरली.
"कुंकू घोळिल्लें कशें," ती म्हणाली.
बघत राहिली.
घागर पायरीवर तशीच होती, काठोकाठ,
तिनं ती उचलली नाही,
ओतूनही दिली नाही.