एकुलता गोल

नेरुळच्या सराव मैदानावर
पहाटे साडेपाचला मी चुन्याची गाडी ओढतो,
दोरी ताणून, दोरीला पाय लागू न देता.
अठरा वर्षं झाली.
मोठे संघ रेषेकडे बघत नाहीत.

हा म्हातारा बघत होता.
बाकावर धुतलेल्या जर्स्या मांडून बसलेला,
एकूण तेवीस, त्यातल्या दोन रफू केलेल्या.
देशाचं नाव त्यानं सांगितलं, मी दोनदा विचारलं.
मग तळहातावर पेनानं एक टिंब काढलं,
बाकी सगळा तळहात म्हणजे समुद्र.
लोकवस्ती आमच्या सेक्टरातल्या
चार सोसायट्यांत मावेल, पार्किंग सोडून.

हिंदी जहाजावरचं,
रत्नागिरीच्या एका खलाशाकडून शिकलेलं, शिव्यांसकट.

पहिला सामना ते नऊ जण खेळले.
दोघांची होडी ओहोटीत रुतली होती.
दहावा म्हणून बंदरातल्या बोटीचा खानसामा धरून आणला,
तो मध्यंतराला भात बघायला गेला
तो परत आलाच नाही.
हरलो, म्हणाला.
किती?
दोन्ही पंजे उघडले, पुन्हा उघडले,
मग आणखी तीन बोटं.

मैदान एकच, चर्चच्या मागे, उताराचं.
चेंडू घरंगळत समुद्रात जायचा,
म्हणून प्रत्येक सामन्याला एक होडी हजर लागे.
शिट्टी वाजवण्याआधी पंच होडीवाल्याला विचारी, तयार?
वादळाच्या वर्षी संघच नव्हता,
गोलपोस्टाची लाकडं छपरांना लागली.
त्याच्या वहीत त्या वर्षापुढे तेवढंच आहे: छपरं.

छत्तीस वर्षांत गोल एक.
लांबून मारलेला, वाऱ्यानं वळवलेला,
जाता जाता कुणाच्या तरी खांद्याला घासलेला.
अधिकृत नोंदीत तो त्या खांद्याच्या नावावर आहे,
स्वयंगोल.
बेटावर ते कुणी मानत नाही.
त्या रात्री जन्मलेल्या तिन्ही पोरींचं नाव एकच.
मारला कुणी, मी विचारलं.
तो कुणाच्या तरी बुटाची गाठ सोडवत राहिला.
उजवा गुडघा मात्र चोळला.

मग मी माझं सांगितलं, त्यानं विचारलं नव्हतं तरी.
ह्या कॉर्नरच्या झेंड्याखाली आमचं मिठागर होतं.
हिराजी पोशा घरत, माझा बा,
उन्हात फावड्यानं मीठ ओढायचा,
मी आता चुना ओढतो, पांढऱ्याला पांढरं.
कागद बदलले, नोंदीत आता दुसरंच नाव निघतं.
घरात आमच्या ते कुणी...
मी थांबलो. त्यानं मान हलवली.
वाकून माती बोटावर घेतली, जिभेला लावली.
खारी, म्हणाला.
म्हणून तर त्या कोपऱ्यात गवत धरत नाही,
किती गोडं पाणी घाला.

संध्याकाळचा सामना ते शून्य-पाच हरले.
बघायला पंधरा पोरं, दोन वॉचमन,
आणि वेळेत घरी न गेलेली एक मॉर्निंग वॉकवाली मंडळी.
शेवटी शेवटी त्यांच्या एका काटकुळ्या पोरानं
अशी काही लाथ घातली
की चेंडू गोलवरून, जाळीवरून, कुंपणावरून
थेट खाडीच्या तिवरांत.

"होडी!" म्हातारा ओरडला.
अख्खा बाक हसायला लागला,
मैदानातली हरलेली पोरंसुद्धा,
आणि मला कळायच्या आत
मी कुंपणावर होतो.

ओहोटी होती. चिखल गुडघाभर.
चेंडू तिवराच्या मुळांत बसला होता, अंड्यासारखा.
घेऊन आलो तोवर सामना संपला होता,
दिवे एकेक करून विझवत होते.

म्हातारा वही उघडून बसलेला.
तारीख, नेरुळ, शून्य-पाच.
खाली एक ओळ कोरी ठेवलेली.
पेन हातात धरून
माझं नाव त्यानं तीनदा विचारलं.