रुपयाएवढं

शहाद्याच्या बाजारपेठेत आप्पांचं दुकान,
पाटीवर: उखर्डू तांबट, वजनकाटे दुरुस्ती व पासिंग.
आत छताला टांगलेले स्प्रिंगकाटे,
रिकामे, सगळ्यांच्या सुया शून्यावर.
एखादीच शून्याच्या जरा पलीकडे थांबायची.
त्या रात्री आप्पा उशिरा जेवायचे.

मी नववीत. पुस्तकात धडा निघाला:
पृथ्वीच्या मध्यापासून जितकं लांब जावं
तितकी ओढ कमी. दुप्पट लांब गेलात
तर निम्मी नाही, चौथाई.
वहीच्या मागच्या पानावर मी गणित मांडलं:
शहाद्याहून तोरणमाळ किलोमीटरभर वर,
वीस किलोचं लोखंड तिथे नेलं
तर सहा ग्रॅमनी हलकं भरेल.
सहा ग्रॅम, म्हणजे तेव्हाचा एक रुपया.

आप्पा हसले नाहीत. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"मंग तो रुपया कोन खास?"

रविवारी राजदूत काढली.
सरकारी शिक्क्याचं, बुडाला शिसं भरलेलं माप माझ्या मांडीवर,
काटा माझ्या पाठीवर दप्तरासारखा.
घाटात दोनदा उलटी झाली,
माप काही हलकं झालं नाही.
उलट प्रत्येक वळणावर मांडीत रुतत गेलं.

वर बाजारात सायबी पावरा आमचूर विकत बसलेली.
तिच्या खोपटाच्या आढ्याला आप्पांनी काटा टांगला,
आकड्याला माप अडकवलं,
आणि आम्ही तिघं श्वास धरून बघत राहिलो.
वीस.
मी पुन्हा बघितलं. वीसच.
सुईच सहा ग्रॅमहून जाड होती.

मग सायबीची तागडी. तिला तर डोंगर कळतच नाही,
एका पारड्यातलं हलकं होतं
तेव्हा दुसऱ्यातलंही तितकंच होतं.
आमचं काय चाललंय ते आप्पांनी तिला सांगितलं
तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली:
खालचा शेठ पोत्यामागे तीन किलो खातो,
त्याला कोणी गणित घालत नाही,
आणि डोंगराच्या मागे लागलात रुपयासाठी!
आप्पांनी खालच्या शेठचं नाव विचारलं. लिहून घेतलं.

मी मात्र रुसलेले.
एवढं चढून आलो, एवढी उलटी,
आणि फरक डोळ्याला दिसेना.
"कोठेतून मोजस तू?" आप्पांनी विचारलं.
मध्यापासून, मी म्हटलं,
सहा हजार तीनशे सत्तर किलोमीटर.
ते बराच वेळ गप्प राहिले.
"मंग आपन निंघनूत कोठे अजून?"

परतताना सीताखाईपाशी थांबलो.
मी एका हातात दगड घेतला, दुसऱ्यात कैरी,
दोन्ही एकदम सोडले.
पहिल्या सेकंदात पाच मीटर, दुसऱ्यात पंधरा,
तिसऱ्यात पंचवीस, पाठ होतं मला,
पण डोळ्यांना आकडे दिसले नाहीत,
दिसली हिरवी आणि काळी दोन टिंबं
शेजारी शेजारी, कोणी कोणाच्या पुढे नाही,
आणि जाता जाता केसाएवढी पुन्हा जड होणारी.
दगडाचा आवाज आला. कैरीचा नाही.
"जे पडस ते पडस," आप्पा म्हणाले, "इचारस नही कोन्ले,"
आणि किक मारली.

त्या शेठचा काटा पुढच्या महिन्यात जप्त झाला.
सायबीने आमचूर पाठवलं, आम्ही पैसे दिले,
तिने ते परत पाठवले, असं वर्षभर चाललं.

परवा धुळ्याच्या दवाखान्यात
नर्सने आप्पांना काट्यावर उभं केलं.
ते लगेच उतरले. वाकून बघितलं,
बोटाने चाक फिरवून सुई शून्यावर आणली,
मग पुन्हा चढले. सत्तेचाळीस.
मागच्या खेपेला एकोणपन्नास.
मी खिडकीबाहेर बघू लागले.
ते सुईकडेच बघत होते,
तिच्या डाव्या कडेकडे, मग उजव्या,
आणि कारागीर कारागिराला देतो तशी मान डोलावून
खाली उतरले.
"काटा बरोबर शे," म्हणाले.
"आते तू चढ. चपला काढ."