पाऊण भागिले अर्धा

महिन्याचा शेवटचा शुक्रवार. बंदर उघडं असलं तर
चिलोएच्या पाच बेटांवरचे आम्ही पाच जण एकत्र बसतो.
प्रत्येकाची शाळा म्हणजे एक खोली, एक चूल,
पहिली ते सहावी एकाच छपराखाली,
आणि घंटा वाजवणारा, फळा पुसणारा, मुख्याध्यापक,
सगळं तोच. किंवा तीच.

जूनमध्ये पाळी माझ्या शाळेची होती.
लाकडं ओली, उजेडापेक्षा धूर जास्त.
नोल्फा आली ती गमबुटांतलं पाणी ओतत.
रोसामेलने मिल्काओ आणले, बटाट्याच्या किसाचे, अजून कढत,
गेल्या महिन्याच्या परिपत्रकात गुंडाळून.
तेवढा तरी उपयोग, म्हणाला.

टेबलावर वर्षाचं नियोजन पसरलं.
राजधानीत कुणीतरी आठवडे मोजून आखलेले रकाने;
त्यांत भरती नाही, ओहोटी नाही,
ऑगस्टातलं वादळ नाही,
नोव्हेंबरात शेवाळ वेचायला गेलेली अर्धी चौथी नाही.
ते सगळं आम्ही पेन्सिलीने घालत गेलो.
"सप्टेंबरात बटाट्याची लावणी. मोजमापं तेव्हाच घ्या."
"आलेख मोठ्या भरतीच्या आठवड्यात."
खोडरबराचा चुरा मिल्काओवर.

इस्माएल नवा, चोवीस वर्षांचा,
सर्वांत लांबच्या बेटावर मार्चपासून एकटा.
वही नीटनेटकी, समास रंगीत,
आणि सहावीच्या एका ओळीवर बोट थांबलेलं,
चहा निवून गेला तरी.
"काय रे?"
"काही नाही."

मग बऱ्याच वेळाने, टेबलाकडे बघत,
"अपूर्णांकांचा भागाकार. मला येतो.
उलटा करा आणि गुणा.
पण मारिसेल विचारते, उलटा का?
पाऊणला अर्ध्याने भागलं तर दीड.
वाटल्यावर कमी व्हायला हवं, हे वाढलं कसं?
मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात सांगतो.
सहा आठवडे झाले."

चुलीत लाकूड तडकलं. कुणी हसलं नाही.
एदुविना, तेहेतीस वर्षांची नोकरी,
जिच्यापुढे तपासनीससुद्धा टोपी काढतो,
चष्मा पुसत म्हणाली,
"मी तो धडा दर वर्षी शेवटी ठेवते.
म्हणजे वेळ पुरत नाही.
एकोणीस वर्षं मला वेळ पुरलेला नाही."

मग काय, बांध फुटला.
नोल्फाला नकाशाचं प्रमाण कधी जमलंच नव्हतं.
रोसामेल कविता स्वतः वाचत नाही,
आवाज कापतो, म्हणून मुलांना वाचायला लावतो
आणि त्याला "सहभाग" असं लिहितो.
मीही एक सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

कोपऱ्यात माझं बटाट्याचं पोतं होतं, पाऊण भरलेलं.
रोसामेलने ते फरफटत आणलं,
अर्ध्या पोत्याच्या दोन पिशव्या शोधल्या.
"बघ. या किती भरतात?"
एक भरली.
दुसरी निम्म्यात थांबली.
"दीड," नोल्फा पुटपुटली, जणू देवळात.
इस्माएलच्या हाताला माती लागली होती.
"म्हणजे वाटायचं नाहीच," तो म्हणाला,
"किती मावतं ते मोजायचं."
एदुविनाने उत्तर दिलं नाही.
तिने नोव्हेंबरातली ओळ खोडली
आणि ऑगस्टात लिहिली. वादळाच्याच आठवड्यात.
कागद जरा फाटला.

तीनला नावाड्याने भोंगा वाजवला. पाणी उतरत होतं.
बटाटे तसेच जमिनीवर राहिले,
सोमवारी मुलांनी विचारलं, इथे कुणाचं भांडण झालं का.

मंगळवारी सकाळी रेडिओवर खरखर,
मग इस्माएलचा आवाज, मागे पोरांचा कल्ला:
"मारिसेलला पटलं. पण ती विचारते,
पिशवीच शून्याची असली तर?"

पाच बेटांवर शांतता.
वाऱ्याने कुठेतरी पत्रा हलवला.
मग एदुविना, खोकून:
"लिहून ठेव.
बंदर उघडं असलं तर, शुक्रवारी."