ओळीच्या शेवटचे दहा ठिपके

सोहारच्या मासळीबाजारात, वजनकाट्यामागे,
मुबीन परकारचा संगणक पहाटे साडेतीनला उठतो
आणि तिरका दिसतो.

तसा संगणक सरळच.
त्याच्याही आधी जो जागा होतो, तो बूटलोडर,
त्याची यादी पडद्यावर उतरताना
डावीकडे घसरत जाते,
ओल्या फरशीवरून सुरमई निसटावी तशी.
डाव्या कडेतून पडलेली अक्षरं
उजवीकडून परत येतात, चुरा होऊन.
तळाशी पाचसहा रेघा काळ्या. कुणाच्याच नाहीत.

पाच सेकंदं मिळतात.
मुबीन बघतही नाही. एका हाताने बर्फाची पेटी ढकलत
दुसऱ्याने दोनदा खालचा बाण, एकदा एंटर.
"माझ्या बोटांना वाचता येतं," म्हणतो,
"तू कशाला रे डोकं फोडतोस?"

कशाला, तर चितगावहून नवा आलेला शफीउल
बाण एकदाच दाबून बसला.
काटा जुन्या हिशोबात उघडला,
आणि चाळीस किलो सुरमईतली तीन किलो
हवेत गेली. साडेचार रियाल
त्याच्या पगारातून.

दिवसा मी खारं पाणी गोडं करतो.
रात्री वरच्या पलंगावर, पोटावर लॅपटॉप,
खाली दोघे घोरतात, एसी खोकतो,
आणि समोर तो कोड, कुणीही उघडावा, कुणीही सांधावा असा.
त्यात बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेलं:
हात लावू नका. का चालतं ठाऊक नाही.

आधी केबलवर संशय घेतला. मग दमट हवेवर.
एकदा तर मुबीनवरसुद्धा.
अकराव्या रात्री सापडलं:
दिसतात ठिपके तेराशे सहासष्ट,
पण मेमरीत प्रत्येक ओळ तेराशे शहात्तरची.
शेवटचे दहा कधीच उजळत नाहीत.
त्यांची जागा मात्र सोडावी लागते.
आपला कोड दिसणारं संपलं की लगेच पुढची ओळ धरायचा.
पहिल्या ओळीला दहांची चूक, दुसरीला वीस,
पुढे नुसती घसरगुंडी.

घरी फोनवर मी दिवस सांगतो तो जेवणापर्यंतचा.
नंतरचे तीन तास हिशोबात दाखवत नाही.
ते धरले नाहीत तर
दुसरा दिवस वाकडा पडतो, हे मला माहीत होतं.
यंत्रालाही तसंच असेल, हे नव्हतं.

एकच शब्द बदलला.
रुंदीच्या जागी ढांग.

खमीसने शुक्रवारी बाजाराची किल्ली दिली,
अट एवढीच, मांजरं आत येता कामा नयेत.
सदतीस वेळा बंद, सदतीस वेळा चालू.
अक्षरं ताठ उभी राहिली, पण निवडलेली ओळ
नारिंगी हवी ती निळी.
तांबडा आणि निळा एकमेकांच्या खुर्चीत.
त्यांना उठवण्यात अजून एक रात्र,
आणि एक मांजर आत आलंच.

उत्तरेकडच्या कुणा इंग्रिडने माझी दुरुस्ती वाचली,
एक स्वल्पविराम हलवला, आणि घेतली.
"हात लावू नका" तिनेच पुसलं.

हौसेच्या भरात मी अजून एक केलं होतं.
बरोबर नाव उचलून यादीत पहिलं ठेवलं,
म्हटलं, बाणाची कटकटच नको.
रविवारी मुबीन आला, पेटी ढकलत,
न बघता दोनदा खाली, एंटर.
काटा जुन्या हिशोबात.
तो काही बोलला नाही. माझ्याकडे बघितलं फक्त,
जाळं फाडणाऱ्या खेकड्याकडे बघतात तसं.

ते नाव आता परत तिसरं आहे.
शफीउल एकेक अक्षर ओठांत वाचतो,
मुबीन वाचत नाही,
दोघेही पोचतात.
पाच सेकंदं नारिंगी. मग अंधार.
मग काट्यावर शून्य,
आणि पहिली टोपली.