वाकायचं नाही

डॉक्टर सेओआनेंनी माझी पाठ पडद्यावर लावली.
वरचे मणके करडे, खालचे करडे,
मधले चार लख्ख पांढरे,
कुणी पट्टी धरून रेघ मारावी तसे:
इथून इथपर्यंत.

“किरण इथवर होता,” ते म्हणाले.
मला आमचे वाळूतले पट्टे आठवले,
दोन काठ्या, मध्ये दोरी,
अलीकडचे शिंपले माझे, पलीकडचे ओबदुलियाचे.
किरणानेही हद्द पाळली होती म्हणायची.
हद्दीच्या आत मात्र
त्याने काही शिल्लक ठेवलं नाही.

मी आधी एवढंच विचारलं: परत आली का?
नाही, म्हणाले. हे उपचारानं केलंय.
हुश्श.
मोडक्या हाडावर हुश्श करणारी बाई
त्यांनी बहुधा पहिल्यांदा पाहिली नसावी,
ते हसले नाहीत.

नऊ वर्षं झाली.
अठ्ठावीस फेऱ्या, शनिवार-रविवार सोडून,
पोन्तेवेद्राची पहाटेची बस,
गार टेबल, हलू नका,
कातडीत टोचलेले तीन निळे ठिपके.
“तीळ आहेत म्हणून सांग नवऱ्याला,” मारिसे म्हणाली होती.
नवऱ्याने मोजले, आणि
चौथा कुठे म्हणून शोधत बसला.
गाठ गेली. खरंच गेली.
हाडांचं कुणी सांगितलं नव्हतं असं नाही,
कागदावर होतं, तिसऱ्या पानावर, मी सही केली.
बुडणारा दोरीचा पीळ तपासत नाही.

मोडलं कसं, ते सांगायची लाज वाटते.
बारा किलोची बादली होती का हातात? नाही.
फावडं? नाही. गुडघाभर पाणीही नाही.
मांजराची वाटी.
रिकामी.
काडकन् आवाज येईल असं वाटतं ना?
बिस्किट दुधात बसतं
तसा बारावा मणका बसला.
मी तशीच वाकलेली, वाटी हातात,
आणि मांजर माझ्या तोंडाकडे बघतंय,
काय गं, घालतेस ना?

आता पट्टा. छातीवर एक कड, ओटीपोटावर एक,
पाठीमागून एक रेटा.
दोन सेंटिमीटर गेले,
रबरी एप्रनची कड बुटांवर लोळते.
वाकायचं नाही. वळायचं नाही.
शिंकायचं असेल तर भिंत धरून.
सिमेंट भरता येईल म्हणे सुईने,
पण शेजारचे तिघेही त्याच चौकटीतले,
एकाला टणक केलं तर
दुसऱ्यावर भार.
“बघू,” म्हणाले डॉक्टर.
आमच्याकडेही धुकं असलं की तेच म्हणतात.

हाडाची शिंपलेवाली म्हणायचे मला धक्क्यावर.
चाळीस वर्षं.
शिंपले उभ्याने दिसत नाहीत हो.
वाळूत दोन भोकं असतात, जुळी, सुईच्या टोकाएवढी,
पाठ आडवी केल्याशिवाय
ती डोळ्यांत शिरत नाहीत.

परवा मोठी ओहोटी होती, सकाळी सहा चाळीस.
या वेळा मला पाठ आहेत,
पाठीला मात्र कळवायच्या राहिल्या.
भिंतीवर उभी राहिले, पट्टा कोटाखाली.
खाली अठरा जणी, तोंडं कुणाचीच नाहीत,
नुसत्या पाठी, गोल, पिवळ्या, ओल्या.
तरी मी नावानिशी ओळखल्या.
माझ्या पट्ट्यात इरिया आहे, ओबदुलियाची सून.
ती फार भराभर ओढते, पिल्लं वर येतात.
मी ओरडले: “हळू! बारकी परत टाक!”
तिने कंबरेवर हात ठेवून
सरळ होत माझ्याकडे बघितलं,
किती सहज सरळ झाली ती,
आणि पुन्हा वाकली.

मांजराची वाटी आता स्टुलावर असते.
दोन दिवस ते बिचारं
फरशीच हुंगत राहिलं.