फुसफुस

दवाखान्यानं भंगारात काढलेल्या
लशींच्या फ्रीजखालचं काळं मडकं,
बंद जिनिंगातला दाबाचा काटा,
आणि टॉकीजमधलं आग विझवायचं लाल नळकांडं,
आग तिथं कधी लागलीच नाही.

चिंधू कोहपरेनं सारं जोडलं
मारेगाव फाट्यावर, पंक्चरच्या टपरीत.
बटण दाबलं. घरघर.
काटा चाळिसावर अडला
गोऱ्ह्यासारखा.

"कुठीसा फुसफुसते, पाह्य."

पोरीनं भांड्याच्या साबणाचा फेस
जोडाजोडाला चोपडला.
तिसऱ्या जोडावर फुगा धरला,
त्यात उलटा फाटा, उलटी एसटी,
बापाचं नाक हे एवढं.

तो पाना घेऊन वाकला.
"थांब नं बाबा,
आपल्यानं फुटू दे त्याले."