खोली

वडगावात, मागांच्या पाठीमागं
दहा बाय आठ खोली.
भावकाण्णाचा जुना सिक्वेन्सर मांडीवर,
सोळा बटणं, अकरावं अडकतं.

एकच सूर लावून ठेवला. सपाट.
मग एलएफओ जोडला, वेग मागाइतका.
धोटा जातो, येतो,
सूर जातो, येतो.

डेप्थ, म्हणजे खोलीच की,
अर्ध्यावर.
अजून थोडी.
सूर जागा सोडून हलला, पलीकडं गेला,
कुठल्या गावचा ते कळेना.

भिंतीमागून इरव्वा ओरडली, ‘साकु!’
मला ‘बास!’ ऐकू आलं.

बटण शून्यावर आणलं.
साडेदहाला लाइट गेली, माग थांबले.
बॅटरीवर सूर तेवढा उरला,
अजून हलतोय
थोडासा,
की माझाच कान?